विहिरीचा शब्बाथ

आमच्या घरच्यासारखं तुरीचं वरण अख्ख्या अकोल्यात कुणाच्या घरी होत नाही, असं आई म्हणायची, आणि लगेच कबूलही करायची की त्यात तिच्या हाताचा काही गुण नाही, गुण पाण्याचा आहे. आमचं मिशनचं कंपाऊंड शहर संपून शेतं सुरू होतात तिथे होतं. त्या सगळ्या पट्ट्यात कुठेही खणलं तरी खारं पाणी लागायचं. त्या पाण्यात डाळ दोन-दोन तास रटरटली तरी दाणा टणकच राहायचा, साबणाला फेस येत नसे, आणि घोटभर प्यायलं तर तहान भागण्याऐवजी वाढायची. फक्त आमच्या कंपाऊंडातली, चर्चच्या मागची, कडुनिंबाखालची विहीर गोड होती. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चला येणाऱ्या दहा-बारा ख्रिस्ती घरांतले लोक, ही प्रभूची कृपा असं म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, जमिनीखालच्या झऱ्याला कुंपण कुठून कुठवर आहे हे कळत नसावं, आणि ते पाणी चुकून आमच्या वाट्याला आलं असावं.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मंडळीच्या पाच पंचांपैकी एक. मी त्यांना बाबा म्हणत असे. बाबा जन्मले दर्यापूरकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत. त्या गावाला दगडी वेस होती, आणि आमच्या आजा-पणजांची घरं पिढ्यानपिढ्या त्या वेशीच्या बाहेर होती. आठ वर्षांचे असताना तहान लागली म्हणून बाबांनी गावविहिरीच्या बादलीला हात लावला, तर तिथल्या माणसांनी त्यांना असं मारलं की डाव्या भुवईवरची खूण मरेपर्यंत गेली नाही. दर नाताळला जेवणं झाली की ते ही हकीकत सांगायचे, आणि शेवटी त्या खुणेवरून बोट फिरवायचे. पुढे त्यांनी आपली भाषासुद्धा धुऊन काढली. आई अमरावतीची, ती खुशाल ‘मले-तुले’ करायची. बाबा मात्र घरातही शास्त्रातल्यासारखं शुद्ध बोलायचे आणि आईचं वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करायचे. आई म्हणायची, “तुमी बोला पुस्तकासारखं, मले भाकरी थापू द्या.” आणि दोघंही हसायचे. आमच्या घरात हसणं नव्हतं असं कुणाला वाटू नये म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

विहीर सगळ्यांना मोकळी करायची हा ठराव बाबांनीच पंचांकडून करवून घेतला होता. रस्त्याच्या पलीकडे मजुरी करणाऱ्यांची वस्ती होती, आमच्या आजोबांच्याच जातीच्या, ख्रिस्ती न झालेल्या लोकांची. शहरातल्या गोड विहिरींवर त्यांना कुणी उभं करत नसे. बाबांनी सांगितलं, आपल्या विहिरीवर जात विचारली जाणार नाही, शेजाऱ्यावर प्रीती करायची तर ती पाण्यापासून सुरू झाली पाहिजे. पाहुणे आले की मंडळी त्यांना आधी विहीर दाखवायची आणि मग चर्च. सकाळी कंपाऊंडातल्या बायका भरायच्या, त्यांचं झालं की वस्तीतल्या. त्यांत रखमाबाई असायची. ती विधवा होती, कंपाऊंडातल्या घरांचं सारवण तिच्याकडे होतं. तिची मुलगी गोदी माझ्याच वयाची, तेराएक वर्षांची. आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून कच्च्या चिंचा मिठाला लावून खायचो आणि बिया विहिरीत टाकायचो. कुणाची बी आधी बुडते यावर आमची भांडणं होत.

पण आठवड्याचा एक दिवस विहीरही विसावा घ्यायची. देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून त्या दिवशी कुणीही काम करू नये, ही बायबलातल्या दहा आज्ञांपैकी चौथी. आमच्याकडे तो दिवस रविवारचा आणि त्याला सगळे शब्बाथ म्हणायचे. रविवारी चूल पेटत नसे. शनिवारी संध्याकाळी आई ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड थापून ठेवायची, सोबत आंबाडीची भाजी आणि झुणका, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते गार खायचो. आम्ही मुलं रविवारला आपसांत शिळावार म्हणायचो. घराघरांत रांजण काठोकाठ भरले जायचे. कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. शनिवारी दिवस मावळताना ती वाजली की बाबा विहिरीवर जायचे, सागवानी फळ्यांचं झाकण ओढायचे, दोन कड्यांतून साखळी घालायचे आणि पितळी कुलूप लावायचे. एका रविवारी दोन बायका विहिरीवर धुणं धुताना सापडल्या होत्या, त्यावरून ही कुलपाची व्यवस्था झाली होती. सोमवारी उजाडलं की कुलूप निघायचं. त्या साखळीचा खणखणाट मला झोपेतही ओळखू यायचा.

वस्तीतल्या लोकांचं काय, हा प्रश्न पंचांच्या बैठकीत निघाला होता. ते ख्रिस्ती नाहीत, त्यांना आपला शब्बाथ कसा लागू करायचा? बैठक आमच्या ओसरीवर होती आणि मी आत कंदिलाची काच पुसत होते. बाबांनी आज्ञा उघडून वाचली. तिथे म्हटलं आहे की तू काम करू नको, तुझ्या मुलांनी करू नये, चाकरांनी करू नये, जनावरांनी करू नये आणि तुझ्या वेशीच्या आत असलेल्या परक्यानेही करू नये. बाबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “आमचं कुंपण ही आमची वेस. जो परका तिच्या आत येईल त्यालाही विसावा लागू. पाणी ओढणं हे काम आहे.” पंचांनी माना डोलावल्या. ती आज्ञा परक्याला दम खाऊ देण्यासाठी होती, त्याचा घसा कोरडा ठेवण्यासाठी नव्हती, हे पाच शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. रात्री आई फक्त एवढंच म्हणाली, “त्यायच्या घरी रांजन कुठी आहेत?” बाबांनी तिची ‘कुठी’ दुरुस्त करून ‘कोठे’ केली.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. जन्मभर वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला एकदा स्वतःची वेस मिळाली की तिला कुलूप लावून बघण्याचा मोह होत असेल. हे मी वडिलांना माफ करण्यासाठी लिहीत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

त्या उन्हाळ्यात नागपूरहून मिशनचे मोठे साहेब येणार होते. आमची मंडळी आज्ञा कशा पाळते ते बघायला येणार, असं बाबा सांगायचे. रविवारच्या उपासनेत एका मुलीने दहाही आज्ञा न अडखळता म्हणून दाखवायच्या असं ठरलं आणि माझी निवड झाली. बाबांनी मला महिनाभर घोकून घेतलं. मी चौथ्या आज्ञेत हटकून अडखळायची, चाकरांच्या आधी जनावरं घ्यायची. आईने माझ्यासाठी पांढऱ्या मलमलीचा झगा शिवला. शनिवारी सकाळपासून रखमाबाई चर्चची जमीन सारवत होती. एवढी मोठी जागा, एकटी बाई. विहिरीवरून घागरीमागून घागरी आणून तिने शेण कालवलं, सबंध जमीन सारवली, वेदीपुढे पांढऱ्या मातीची किनार काढली. घंटा झाली तेव्हा ती शेवटच्या कोपऱ्यात होती. हात धुऊन, रिकामी घागर घेऊन ती विहिरीवर आली तर साखळी लागलेली. मी ओसरीवरून बघत होते. ती क्षणभर थांबली, पदराने तोंड पुसलं आणि घागर कमरेवर घेऊन निघून गेली. बाबांना हाक मारली असती तर कदाचित त्यांनी उघडलंही असतं. पण हाक मारायची तिची छाती झाली नसेल. मला ती छाती होती, पण मला तसं सुचलं नाही.

रविवारी सकाळी मी झगा घालून, रिबीन बांधून, कंपाऊंडच्या फाटकाशी सावलीत आज्ञा घोकत उभी होते. बाबा साहेबांबरोबर चर्चमध्ये होते, आई पाहुण्यांच्या सरबराईत. गोदी धावत आली. तिचे केस मोकळे होते आणि हातात घागर होती.

“एस्तेर, माह्या मायले रातीपासून वांत्या न् हगवन लागली. पानी पानी करून राहिली. खारं पानी देल्लं तं तेही उलटून पडते. तुह्या बापाले सांग ना व, कुलूप काढाले.”

मी म्हणाले, “बाबा साहेबांजवळ आहेत. आता नाही काढणार. आज शब्बाथ आहे.”

“आमी तं वेशीबाहेरचे, आमाले कायचा शब्बाथ?”

मला उत्तर येत होतं, ओसरीवर ऐकलेलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आमचं कुंपण म्हणजे वेस, आणि फाटकाच्या आत आली की तूही वेशीच्या आतली, मग तुलाही लागू. गोदीने माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. चार पावलं मागे गेली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून घागर पुढे करून म्हणाली, “हे पाय, झाली मी बाहीर. आता दे.”

आमच्या घरात रांजण भरलेला होता. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. रांजणातलं पाणी तांब्याने घागरीत ओतणं हे कुठल्याही आज्ञेत काम ठरत नाही, आणि ठरलं असतं तरी मी ते करायला हवं होतं. पण घंटा व्हायची वेळ झाली होती. पाणी ओतताना झगा भिजला असता. आणि चौथी आज्ञा आत्ता कुठे सरळ बसत होती. चाकर आधी, मग जनावरं. मध्येच थांबले असते तर ती पुन्हा उलटी झाली असती. ही माझी कारणं होती. यापेक्षा चांगली कारणं मला आजवर सापडलेली नाहीत.

“उद्या ये,” मी म्हणाले. “सोमवारी ये.”

गोदीने पुढे केलेली घागर मागे घेतली. ती वळली आणि नदीच्या बाजूला गेली. उन्हाळ्यात मोर्णेत पाणी कसलं, म्हशी बसतात तेवढी डबकी असायची. ती आईसाठी ते पाणी आणायला गेली हे मला तेव्हाही कळलं होतं. तेवढ्यात घंटा झाली.

मी दहाही आज्ञा न अडखळता म्हटल्या. चौथ्या आज्ञेशी आले तेव्हा आवाज जरा चढवलाही, कारण बाबा पहिल्या बाकावरून ओठ हलवत होते. सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं, बसलेल्या बायकांच्या लुगड्यांना ओला वास येत होता. साहेबांनी मला रंगीत खडूंची डबी बक्षीस दिली आणि मोडक्या मराठीत म्हणाले की ही मंडळी आपल्या प्रकाशाने सगळी वस्ती उजळते आहे. बाबांचे डोळे भरून आले. संध्याकाळच्या उपासनेत आम्ही गाणं म्हणत होतो तेव्हा रस्त्यापलीकडून बायकांचा आकांत ऐकू आला. पेटी वाजवणाऱ्याने भाता जोरात मारला आणि सगळ्यांचे आवाज त्याच्याबरोबर चढले. मला गाता येईना. आईने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं मी दमले.

सोमवारी साखळीच्या आवाजाने मी जागी झाले आणि तशीच विहिरीवर गेले. बाबा झाकण सरकवत होते. गोदी आधीच येऊन उभी होती, एकटीच. बाबांनी तिला विचारलं, आज इतक्या लवकर कशी आलीस? तिने बाबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू सोमवारी ये म्हनलं होतं. आली मी. मायले आंघोय घालाची हाये.”

बाबांना क्षणभर कळलं नाही. आजारी बाईला आंघोळ कसली, असंच काहीसं त्यांना वाटलं असणार. मग कळलं. आदल्या दिवशी ती आली होती हेही कळलं आणि तिला कोण काय म्हणालं तेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मार खायला तयार होते, मला मार हवा होता. पण त्यांनी बादली विहिरीत सोडली, स्वतः पाणी ओढलं, गोदीची घागर भरली आणि तिच्या डोक्यावर ठेवताना म्हणाले, “मले ठाव नोतं व पोरी. मले कोनी सांगतलंच नाई.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मले’ मी पहिल्यांदा ऐकलं. गोदी घागर सावरत निघून गेली. मूर्तिजापूरहून तिचा मामा आला, रखमाबाईला माती दिली, आणि आमच्या मंडळीतलं कुणीही त्या मातीला गेलं नाही. वस्तीत पटकी आहे म्हणे.

पुढच्या आठवड्यात पंच बसले. मला वाटलं, कुलूप जाईल. बाबा उठतील, भुवईवरच्या खुणेला हात लावतील आणि सांगतील. बाबा काहीच बोलले नाहीत. ठराव असा झाला की आजारपणात शब्बाथ-दिवशी पाणी देता येईल, मात्र त्यासाठी दोन पंचांच्या सहीची चिठ्ठी आणावी. वस्तीत एकालाही लिहितावाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही, आणि अहवालात लिहिलं गेलं की गरज पडली नाही. आईने चिठ्ठीबिठ्ठीचा विचार केला नाही. दर शनिवारी ती एक घागर भरून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवायची, झाकण घालून, वर पेला उपडा. बाबांना ते दिसायचं, ते बोलत नसत. सोमवारी घागर जशीच्या तशी परत यायची आणि आई ते पाणी पेरूच्या झाडाला घालायची. गोदी पुन्हा कधी आमच्या विहिरीवर आली नाही. डोक्यावर खाऱ्या पाण्याची घागर घेऊन ती रोज फाटकावरून जायची आणि मी ओसरीवर असले तर नेमकी समोर बघत जायची. बाबा शेवटपर्यंत पंच राहिले. नाताळच्या जेवणानंतर ती हकीकत मात्र त्यांनी पुन्हा सांगितली नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढे मी अमरावतीला नर्सिंग शिकले आणि तिथल्याच दवाखान्यात सगळी उमर काढली. पटकीचे वॉर्ड मी मागून घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई फार धर्मशील आहे. पटकीच्या माणसाला काय लागतं ते मला तिथे पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं. पाणी लागतं. उकळून गार केलेलं चांगलं पाणी, चिमूटभर मीठ, असली तर साखर, आणि उलटी झाली तरी पुन्हा घोट, पुन्हा घोट. एक माणूस उशाशी बसायला हवं, बाकी काही नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. आता वय झालं आहे, तरी मी रविवारी चर्चला जाते, शेवटच्या बाकावर बसते. चौथ्या आज्ञेला मला खोकला येतो, आणि तो खोटा नसतो.

गोदी मला एकदाच भेटली. तिच्या नातवाला घेऊन ती आमच्या दवाखान्यात आली होती, त्याला तापाने फेफरं आलं होतं. तिने मला ओळखलं की नाही ते पहिल्यांदा समजलं नाही, केस दोघींचेही पिकले होते. मूल शांत झाल्यावर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. वैशाखाचं ऊन होतं, तिचे ओठ सुकलेले दिसत होते. मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“आज कोनता वार हाये व, एस्तेर?”

“बुधवार,” मी म्हणाले.

मग ती पाणी प्यायली.